उलट्या पावलांचे धडे

लग्नाला २२ वर्षे झाल्यानंतर एके दिवशी माझ्या पत्नीने मला सांगितले की, आपण दोघे बरोबर चालतो असे लोकांना वाटत असले तरी प्रत्यक्षात तू पुढे चालतोस आणि मी मागून येते, आणि मधल्या जागेत तिसरे माणूस आरामात मावेल. मी हे अर्थातच तत्काळ नाकारले. पण नाकारण्यासाठी मला मागे वळून पाहावे लागले, आणि तिथेच माझी बाजू लंगडी पडली. पुढच्या आठवड्यात तिने आम्हा दोघांची नावे टँगो नृत्याच्या वर्गात घातली होती. वर्षभर, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आणि कंबर दुखण्याची सबब चालणार नाही, अशी अट होती.

टँगोविषयी माझे ज्ञान म्हणजे दातांत धरलेले गुलाबाचे फूल आणि झटक्याने फिरवलेली मान, एवढेच होते. हे दोन्ही वर्गात कधीच आले नाही. पहिले दोन आठवडे आम्हाला नाचायला शिकवलेच नाही, चालायला शिकवले. आमच्या शिक्षिकाबाईंचे म्हणणे असे होते की शरीराचे सगळे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नीट पोहोचल्याशिवाय पुढचे पाऊल उचलायचे नाही, आणि हे करू गेल्यावर माझ्या लक्षात आले की पन्नास वर्षे मी ज्याला चालणे म्हणत आलो ते म्हणजे खरे तर पुढे कोसळणे आणि ऐनवेळी पाय आडवा घालून स्वतःला सावरणे होते. भिंतीवरच्या लांबलचक आरशासमोर वीस प्रौढ माणसे एका पायावर डुगडुगत उभी असलेली पाहिली की उत्क्रांतीवरचा विश्वास थोडा डळमळतो.

टँगोत पावलांचा ठरलेला क्रम नसतो, ही गोष्ट मला सर्वांत उशिरा पटली. आठ पावलांचा एक पाठ सुरुवातीला शिकवतात, पण तो बाराखडीसारखा. बाराखडी म्हणून दाखवणे म्हणजे बोलणे नव्हे. पुढाकार घेणाऱ्याला लीडर म्हणतात आणि त्याच्या इशाऱ्याने चालणाऱ्याला फॉलोअर. लीडरने पुढचे पाऊल त्या क्षणी, ते संगीत ऐकत आणि समोरची जागा पाहत ठरवायचे असते, आणि त्यामुळे फॉलोअरला पुढे काय येणार याचा अंदाज बांधण्याची सोयच उरत नाही. इशाराही हाताने ओढून द्यायचा नसतो. छातीचा कल किंचित बदलला, श्वास जरा थांबला, वजन सरकले, की तोच इशारा. जी माणसे घरात ‘चहा’ हा एक शब्द उच्चारून काम भागवतात, त्यांना हे जड जाणे साहजिक आहे.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात बायकांपेक्षा दोन पुरुष जास्त भरले. अशा वेळी कोणीतरी एकाने बाजू बदलावी लागते, आणि मी बाईंच्या सर्वांत जवळ उभा होतो, एवढ्याच गुणवत्तेवर माझी फॉलोअर म्हणून नेमणूक झाली. माझा चेहरा पाहून बाईंनी माझी समजूत काढली की यात कमीपणा काहीच नाही. ब्युनॉस आयर्समध्ये जुन्या काळी तरुण पुरुष आधी आपसांतच सराव करत असत आणि नवख्या मुलाला बरेच दिवस बाईची पावले टाकावी लागत, मग कुठे त्याला लीड करू देत. तो नवखा मुलगा विशीच्या आतला असे आणि त्याचे गुडघे शाबूत असत, हे त्यांनी सांगितले नाही.

फॉलोअर बहुतेक वेळ मागे चालतो. आपल्याकडे उलट्या पावलांनी फक्त भुते चालतात असा समज आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांत मला भुतांविषयी आदर वाटू लागला. पाठीमागे भिंत आहे की खुर्ची की दुसऱ्या कोणाची टाच, हे दिसत नाही; दिसते ती समोरच्या माणसाच्या शर्टाची वरची गुंडी. खांद्याच्या फऱ्याखाली एका परक्या तळव्याचा दाब जाणवतो, आणि आपला पाय मांडीपासून मागे लांबवून, बोटे आधी जमिनीला टेकवून, टाच हळूच खाली उतरवून थांबायचे असते. या थांबण्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. पाऊल पडल्याबरोबर पुढच्या पावलाची घाई सुटते, कारण अंधारात उभे राहण्यापेक्षा अंधारात धावणे माणसाला सोपे वाटते. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणत, “थांबा. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही, तुम्ही उत्तर कशाला देताय?”

फॉलोअर म्हणून काढलेल्या पाच आठवड्यांत मी वर्गातल्या प्रत्येक पुरुषाबरोबर नाचलो. एक गृहस्थ कानाशी मोठ्याने आकडे मोजत, आणि आकडा चुकला की पहिल्यापासून सुरू करत, त्यामुळे आम्ही हॉलच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडलोच नाही. एक तरुण मला असा ओढी की मी म्हणजे अडकलेला ड्रॉवर आहे. तिसरे एक वयस्क, शांत गृहस्थ होते, ज्यांचा पाय दुखत असल्यामुळे ते फारसे काही करतच नसत. दोन पावले चालत, थांबत, गाण्यातली एक ओळ जाऊ देत, मग एक पाऊल बाजूला घेत. त्यांच्याबरोबर तीन मिनिटे गेली आणि गाणे संपल्यावर मला कळले की मी डोळे मिटलेले होते. कधी मिटले ते आठवत नव्हते. घरी आल्यावर हे मी पत्नीला अगदी गंभीरपणे सांगितले, तेव्हा ती पंधरा मिनिटे हसत होती, आणि मग म्हणाली, “आता उद्या कुणी तुला ड्रॉवरसारखं ओढलं, की घरी येऊन माझी आठवण काढ.”

दर दहा मिनिटांनी जोडीदार बदलायचा, हा या वर्गाचा दुसरा नियम होता. नवराबायकोंनाही सूट नव्हती. सुरुवातीला काही जोडप्यांनी कुरकुर केली, पण या फिरत्या रचनेमुळे जे पाहायला मिळाले ते मला कुठल्याही समुपदेशकाकडे मिळाले नसते. परक्या बाईच्या पायावर पाय पडला की पुरुष म्हणतो, “सॉरी, माझंच चुकलं.” बाई म्हणते, “नाही नाही, मीच लवकर निघाले.” दोघेही हसतात आणि पुन्हा सुरू करतात. दहा मिनिटांनी तोच पुरुष स्वतःच्या बायकोसमोर येतो, तोच पाय तसाच पडतो आणि वाक्य असते, “अगं, पाय मध्ये कशाला घातलास?” मी हे इतरांच्या बाबतीत मोठ्या चवीने टिपत असे. माझे स्वतःचे वाक्य मला पत्नीनेच सांगितले. परक्या बायकांना मी ‘आपण पुन्हा करून पाहू या का’ असे विचारतो, आणि तिला ‘चल, परत’ असे म्हणतो.

बाईंनी यावर एक साधा कायदा केला होता: जोडीदाराची चूक जोडीदाराने दाखवायची नाही, दाखवायची तर बाईंनी दाखवायची. नाचाच्या जमावातही हाच शिष्टाचार आहे, आणि तिथे नाचता नाचता समोरच्याला शिकवू लागणे हे चांगलेच असभ्य मानतात. हा कायदा पाळणे पावले शिकण्यापेक्षा अवघड गेले. दोन महिने आम्ही गाडीतून परत येताना ओठ आवळून बसत होतो. माझा डावा खांदा वर चढतो हे तिला दिसत होते, ती वळताना माझ्या दंडावर भार टाकते हे मला जाणवत होते, आणि दोघेही समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो. नवल असे की तिसऱ्या महिन्यात खांदा आपोआप खाली आला. तिचा भार अजून येतो. पण आता तो नसला तर मला चुकल्यासारखे वाटते.

या नाचाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन काठांवर, ब्युनॉस आयर्स आणि मोंतेविदेओ या दोन शहरांच्या गरीब वस्त्यांत झाला, आणि २००९ मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना व उरुग्वे या दोन्ही देशांच्या नावे त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवले. मधल्या काळात त्याने पुष्कळ शिव्या खाल्ल्या. १९१३ मध्ये जर्मनीच्या कैसर दुसऱ्या विल्हेल्मने गणवेशातल्या लष्करी अधिकाऱ्यांना टँगो नाचण्याची बंदी केली होती. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’ने राजदरबारी नाचात वॉल्ट्झ शिरला म्हणून संपादकीय संताप व्यक्त केला होता, आज ज्या वॉल्ट्झचे संगीत ऐकताना आजीआजोबांना झोप लागते, तोच तो. दोन माणसांनी एकमेकांना धरून गोल फिरावे याचा कोणाला ना कोणाला नेहमीच राग येत आलेला आहे.

आपला काळ उदार आहे, पण त्याचीही गंमत आहे. माझ्या वर्गात पंचविशीतली जी मुले होती, ती आधी संदेश पाठवून विचारल्याशिवाय कोणालाही फोन करत नसत. न विचारता आलेला फोन म्हणजे त्यांना दारावर धाड पडल्यासारखे वाटे. तीच मुले आडनावही माहीत नसलेल्या माणसाच्या मिठीत डोळे मिटून सुखाने चालत. मी एका मुलीला याचे कारण विचारले तर ती म्हणाली, “इथं काय करायचं ते ठरलेलं आहे ना. फोनवर काय बोलायचं ते कुठं ठरलेलं असतं?” मला हे पटले. अर्थात वर्ग संपताना शिक्षक जे छोटे प्रात्यक्षिक करून दाखवत, ते मात्र हीच मुले डोळ्यांनी न पाहता फोनच्या पडद्यातून पाहत, आणि ती ध्वनिचित्रे नंतर कोणी उघडून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आठव्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा मिलोंगाला गेलो. टँगो नाचण्यासाठी भरणाऱ्या जमावाला मिलोंगा म्हणतात, आणि त्याच नावाचा एक चपळ नृत्यप्रकारही आहे, म्हणजे घोटाळ्याची सोय नावापासूनच केलेली आहे. तिथे गाणी एकेक करून वाजत नाहीत. तीन किंवा चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात, आणि एका जोडीदाराबरोबर पूर्ण तांदा नाचायचा असतो. जुन्या तबकड्यांच्या काळातली गाणी सुमारे तीन मिनिटांची असल्यामुळे हा सहवास दहाबारा मिनिटांचा होतो. मग कोर्तीना वाजते. कोर्तीना म्हणजे पडदा. नाचाशी संबंध नसलेल्या संगीताचा एक तुकडा, जो ऐकू आला की सगळ्यांनी मैदान मोकळे करून आपापल्या जागी जायचे. ही कोर्तीना मला मानवी संस्कृतीतल्या थोर शोधांपैकी एक वाटते. एखाद्या समारंभात कोणी आपल्याला गुंतवणुकीविषयी समजावून सांगू लागले की सुटकेचा सभ्य मार्ग नसतो. फोन आल्याचे नाटक करावे लागते. तिथे मात्र दर बारा मिनिटांनी साऱ्या हॉलची एकदम सुटका होते, आणि कोणी कोणाला सोडून गेले असे होत नाही.

निमंत्रणाची पद्धत त्याहून नाजूक आहे. उठून जाऊन हात पुढे करायचा नाही. बसल्या जागेवरून, हॉलच्या पलीकडे, ज्याच्याबरोबर नाचायचे त्याच्याकडे पाहायचे. नजर मिळाली तर मान किंचित हलवायची. समोरूनही मान हलली तर ठरले. याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर दुसरीकडे वळवायची, की झाले. विचारल्याचे कोणाला कळत नाही, नाकारल्याचेही कळत नाही, आणि कोणाला ‘नाही’ हा शब्द उच्चारावा लागत नाही. आपल्या फोनमधल्या दोन निळ्या खुणा याच्या अगदी उलट वागतात: तिथे नकार दिलेला नसतो, पण तो वेळेसकट नोंदवलेला असतो.

पहिल्या संध्याकाळी रुबाबदार दिसावे म्हणून मी चश्मा खिशात ठेवला होता. पलीकडच्या रांगेतल्या निळ्या पोशाखातल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, त्यांनीही हलवली, आणि मी संथ पावलांनी मैदान ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचलो, तेव्हा त्या माझ्या खांद्यावरून मागे पाहत प्रसन्नपणे हसत होत्या. माझ्यामागून एक उंच गृहस्थ येत होते. मी न थांबता तसाच सरळ चालत राहिलो आणि मुळात पाणी प्यायलाच निघालो होतो अशा चेहऱ्याने कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेलो. त्या संध्याकाळी मी एकूण तीन वेळा पाणी प्यायलो. मग चश्मा लावला.

या पद्धतीची भरपूर स्तुती ऐकायला मिळते, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. काबेसेओ विचारणाऱ्याची अब्रू राखतो. ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही त्याची राखत नाही. माझी पत्नी त्या दिवशी सलग तीन तांदे खुर्चीवर बसून होती, आणि तिचा चेहरा मला पलीकडून दिसत होता. नकाराला निदान एक क्षण असतो. दुर्लक्षाला तोही नसतो. हल्ली बायकाही लीड करतात, तोंडी विचारणेही काही ठिकाणी चालते, आणि जुन्या मंडळींना ते आवडत नसले तरी मला ते योग्य वाटते. असो. तिसरा तांदा संपल्यावर मी नवरेपणाच्या हक्काने सरळ तिच्यासमोर गेलो आणि हात पुढे केला. ती म्हणाली, “आधी माझ्याकडे बघितलंस का?” मी परत माझ्या जागेवर जाऊन बसलो, तिच्याकडे पाहिले आणि मान हलवली. तिने तब्बल अर्धा मिनिट खोलीच्या छताकडे पाहिले, आणि मग मान हलवली. २२ वर्षांत तिला इतक्या लांबून, इतका वेळ, होकाराची खात्री नसताना मी पाहिले नव्हते.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र सौजन्यामुळे झाली. सत्तरीच्या एका बाईंनी माझ्याकडे पाहून स्वतःहून मान हलवली, ही माझ्यासाठी पदवीदानासारखी घटना होती. त्या इतक्या सहज चालत की मला लीड करता येते असा भास होऊ लागला. पहिले गाणे संपले. कृतज्ञतेने भारावून जाऊन मी म्हणालो, “धन्यवाद.” बाई क्षणभर थांबल्या, मान तुकवून म्हणाल्या, “बरं,” आणि आपल्या खुर्चीकडे चालू लागल्या. मैदानाच्या मधोमध मी एकटा उभा, आजूबाजूला जोड्या, आणि दुसरे गाणे सुरू झालेले. टँगोच्या जगात तांदा संपण्याआधी धन्यवाद म्हणणे याचा अर्थ एकच होतो: आता पुरे, मला तुमच्याबरोबर पुढे नाचायचे नाही. आणि तांदा अर्ध्यावर सोडून कोणी उठले की साऱ्या हॉलला वाटते, नक्की काहीतरी घडले असणार. माझी पत्नी एका गृहस्थाच्या खांद्यावरून हे पाहत माझ्या शेजारून गेली. तिची पावले चुकत होती, कारण ती हसू दाबत होती. कोर्तीना लागल्यावर मी क्षमा मागायला गेलो, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “चाळीस वर्षं नाचतेय. इतक्या नम्रपणे मला कुणीच हाकललं नव्हतं.” पुढचा तांदा त्यांनी मला पूर्ण दिला.

आता दुसरे वर्ष सुरू आहे. आम्ही चांगले नाचतो असे नाही. सरावाच्या हॉलमध्ये आमच्या वाट्याला मैदानाची मधली बाजू येते, जिथे नवखे कोणाला न अडवता चुकू शकतात. रस्त्यावर चालताना मी अजूनही पुढे जातो, आणि आठवण झाली की वजन एका पायावर तोलून थांबतो, म्हणून ओळखीच्या दोघाचौघांनी मला तब्येतीविषयी विचारले आहे. घरात मात्र त्या जगातला एक शब्द येऊन राहिला. परवा कपाट आवरण्यावरून आमचा वाद सुरू झाला. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. पहिला मुद्दा मी सविस्तर मांडला, श्वास घेतला आणि दुसऱ्याकडे वळणार, तोच ती शांतपणे म्हणाली, “धन्यवाद.” तीन मुद्दे शिल्लक होते. मी मान तुकवली आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.